हरणाच्या शिरेचं देणं

उत्तर कॅलिफोर्नियातल्या चिको गावात मी हाताच्या उपचारांचं काम करते. करवतीने बोट कापलेलं, काचेने मनगट चिरलेलं, सर्जनने तुटलेली शीर टाके घालून जोडलेली, अशी माणसं माझ्याकडे येतात. त्यांची बोटं पुन्हा मिटती-उघडती करणं हा माझा पेशा. या कामातलं जे काही मला खरोखर उमगलं, त्यातलं बरंचसं कॉलेजात मिळालेलं नाही. ते एका म्हाताऱ्या धनुष्य करणाऱ्याने दिलं, हरणाच्या पायातल्या वाळक्या शिरेने दिलं, आणि माझ्या जन्माच्या कितीतरी आधी गेलेल्या, याही नावाच्या इथल्या मूळ लोकांतल्या एका माणसाने दिलं. हे देणं फिटण्यासारखं नाही. पण ते कुणाकुणाचं आहे एवढं तरी नीट लिहून ठेवावं म्हणून हे लिहिते आहे.

शिक्षण पुण्यात झालं. स्नायू हाडाला जिने धरून असतो ती पांढरी चिवट दोरी. पुस्तकात तिला कंडरा म्हणतात, दवाखान्यात टेंडन, आमच्या घरी नुसती शीर. पहिल्या वर्षी फॉर्मॅलिनच्या वासात उभं राहून मी देहदान केलेल्या कुणा अनोळखी माणसाच्या तळहातातल्या शिरा चिमट्याने उचलून पाहिल्या. कोणती कुठून निघते, कुठे लागते, हे घोकलं. कोलॅजनचे तंतू, तंतूंच्या जुड्या, जुड्यांवरचं वेष्टण, ही आकृती मला डोळे मिटून काढता आली असती. गुणही चांगले मिळाले. पण शीर किती ओढ सोसते, वाळली की काय होते, भिजली की कशी वागते, हे कुणी विचारलं असतं तर मी गप्प बसले असते. आपल्याला ते ठाऊक नाही, हेही मला ठाऊक नव्हतं.

आमचं घर माळकरी. मटणाच्या दुकानावरून जायची वेळ आली की आई मला रस्त्याच्या पलीकडून न्यायची. दिवाळीच्या आधी पिंजारी यायचा, अंगणात बसून गाद्यांचा कापूस पिंजायचा, त्याच्या कमानीचा टणत्कार दुपारभर घरात घुमायचा. त्या कमानीची तात जनावराच्या आतड्याची असते हे मला खूप मोठेपणी कळलं. त्या कापसाच्या गाद्यांवर आम्ही सगळे झोपत होतो. जनावराच्या देहातून माणसाच्या संसारात काय काय येतं, याचा विचार आमच्याकडे कुणी केला नव्हता, मीही नाही. हे सांगते, कारण पुढे जे शिकायला मिळालं त्याच्या वाटेत सगळ्यात मोठी धोंड मीच होते.

लग्नानंतर चिकोला आले. इथल्या परवान्याची परीक्षा दिली, नोकरी लागली. काम पुस्तकाबरहुकूम करत होते. अमक्या आठवड्यात एवढं वाकवायचं, तमक्या आठवड्यात एवढा जोर. तक्ता भिंतीवर आणि मी त्याच्या आज्ञेत. अशातच एक वृद्ध गृहस्थ उपचारांसाठी आले. तोंडावर मी त्यांना नावाने हाक मारायचे, इकडची रीतच ती. मनात मात्र ते लवकरच आजोबा झाले, आणि इथेही मी तसंच म्हणणार आहे. दोन मुठींच्या सुरीने धनुष्याचं लाकूड सोलताना सुरी घसरली आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाची, बोट वाकवणारी शीर तुटली होती. सर्जनने ती जोडली होती. आजोबांचा प्रश्न एकच होता: प्रत्यंचा कधी ओढता येईल?

मी पाठ असलेलं उत्तर दिलं. जोडलेली शीर पहिले काही आठवडे फार कच्ची असते, तिच्यावर ओढ पडली तर टाके सुटतात. पण तिला मुळीच हलवलं नाही तर ती आजूबाजूच्या मांसाला चिकटून बसते आणि बोट कायमचं अडकतं. म्हणून आधाराची पट्टी बांधून थोडं थोडं हलवायचं, आणि साधारण 12 आठवडे जोराचं काही नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पुढच्या वेळी आले तेव्हा शर्टाच्या खिशातून कागदात गुंडाळलेली एक वस्तू काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. वीतभर लांब, पिवळसर तांबूस, उजेडाकडे धरलं तर आरपार दिसेल अशी, आणि नखाने टकटक वाजावी इतकी कडक.

“ही हरणाच्या मागच्या पायातली. माझ्या बोटात शिवलीय तीही हीच ना?”

घोटशीर होती ती. मी हो म्हटलं. हातात मात्र घेतली नाही, कागदासकटच उचलून पाहिली. त्यांच्या ते लक्षात आलं असणार. त्यांनी काही म्हटलं नाही, पुन्हा खिशात ठेवली. मी पुण्याची, मांस न खाणाऱ्या घरातली, हे त्यांनी मला पुढे हळूहळू विचारून घेतलं. तेव्हाही हसले नाहीत. मला त्यांच्या शेडवर बोलावलं तेव्हा म्हणाले, बघायला ये, हात लावलाच पाहिजे असं नाही.

चिकोच्या वर डोंगराच्या धारेवर पॅरडाइझ नावाचं गाव आहे. तिथे घराच्या मागे त्यांची शेड होती. छपराखाली ज्युनिपर आणि यूच्या लाकडाच्या फळ्या सावलीत वाळत पडलेल्या, एका दोरीवर हरणांच्या शिरा टांगलेल्या. शरद ऋतूत शिकारीचा हंगाम असतो. शिकारी मांस नेतात, गुडघ्याखालचे पाय टाकून देतात. आजोबा ते मागून आणायचे. टाच ते पोटरी ही शीर सोडवून घ्यायची, तिच्यावरचं मांस आणि चरबी खरवडायची, हवेशीर जागी वाळू द्यायची. पाठीच्या कण्यालगतची शीर वेगळी. ती रुंद आणि पातळ असते, लांब धागे हवे असले की तीच.

वाळलेली शीर कुटायची. नदीतला गुळगुळीत गोटा खाली, वरून लाकडी मोगरी. लोखंडी हातोडा चालत नाही, त्याची कड तंतू कापते. आधी नुसताच ठणठण आवाज येतो आणि वाटतं की हिला काही होणार नाही. मग आवाज बदलतो, बोदा होतो. वरचं पिवळं वेष्टण तडकून पापुद्र्यांसारखं सुटतं आणि आतून पांढरेशुभ्र तंतू डोकावायला लागतात. मी वहीत शेकडो वेळा काढलेली आकृती तिथे एका गोट्यावर माझ्या डोळ्यांपुढे उकलत होती. वेष्टण, जुड्या, जुड्यांतले धागे, धाग्यांतले तंतू. मी पुढे होऊन तो पांढरा झुबका हातात घेतला. घेताना माळ आठवली नाही, आई आठवली नाही. नंतर दोन्ही आठवल्या, तोवर बोटं कामाला लागली होती.

रात्री आईला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने विचारलं, “शिरेसाठी मारतात का गं?” मी म्हटलं, नाही, मारलेल्याचं टाकून देतात ते वापरतो. “मग टाकून देण्यापेक्षा बरं,” ती म्हणाली. तिने परवानगी दिली असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर दर फोनला ती आजोबांच्या बोटाची चौकशी करायची.

या कामातलं मुख्य अंग वेढ्यांचं आहे. धनुष्याच्या दोन्ही टोकांना, जिथे प्रत्यंचा अडकते, तिथे शिरेचे वेढे. लाकडात गाठ असेल, धागा फुटायची भीती असेल, तिथे वेढे. बाणाच्या मागची पिसं वर-खाली शिरेनेच बांधायची, पुढचं दगडी पातं राळेत बसवून वर शिरेनेच आवळायचं. आणि सगळ्या पाठीवर शिरेचा थर दिला तर धनुष्याची जातच बदलते. धनुष्य ओढलं की त्याची नेमबाजापासून दूरची बाजू ताणली जाते आणि जवळची दबते. लाकूड दबलं तरी बऱ्यापैकी टिकतं, ताणलं मात्र थोडंच जातं; मोडतं ते बहुधा ताणाच्या बाजूने. शीर त्याच्या कितीतरी पट ताणून पुन्हा जागेवर येते. म्हणून पाठीवर शीर असलेलं आखूड धनुष्यही लांबवर ओढता येतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षाने काय काय बाळगावं ते सांगताना प्रत्यंचेसाठी मूर्वा, रुई, ताग, वेळू यांच्या पंक्तीत स्नायूही आला आहे. म्हणजे ही ओळख आपल्याकडेही जुनीच. माझ्यापर्यंत ती पोचली नव्हती इतकंच.

पहिला धडा पाण्याचा होता. शिरेचा पट्टा भिजवायचा, पण पाणी कोमट हवं. मी घाईत गरम पाणी घेतलं तर पट्टा माझ्यासमोर आखडून, वळून, रबरासारखा झाला. साधारण 60 अंश सेल्सियसच्या आसपास कोलॅजनची वीण उसवते आणि तंतू आकसतात, हे वाक्य मी परीक्षेत लिहिलेलं होतं. ते काय वाक्य होतं हे मला त्या दिवशी समजलं.

जुनी रीत पाण्याची नाहीच, तोंडाची आहे. शीर चावून चावून मऊ करायची. लाळेने ती भिजते, सुटते आणि तिच्यातलाच चिकटपणा वर येतो. मग वेगळा सरस लागत नाही. आजोबा तसंच करायचे. मला ते जमलं नाही. त्यांनी एकदाही आग्रह केला नाही. माझ्यासाठी वाटीत कोमट पाणी आणि त्यात पातळ सरस ठेवायचे. तो सरसही कातड्यापासूनच काढलेला असतो, तेव्हा मी काही फार सोवळं पाळत होते असा दावा नाही. तोंड तयार झालं नाही, एवढंच खरं. आजही मी वाटीतच भिजवते, आणि माझे वेढे त्यांच्याइतके घट्ट धरत नाहीत.

मग वेढा. पट्ट्याचं जाड टोक लाकडावर आडवं धरायचं, पहिले दोन-तीन वेढे त्याच्यावरूनच घ्यायचे, म्हणजे ते आपोआप दबतं. पुढचे वेढे लाकूड फिरवत फिरवत, एकमेकांना जेमतेम चिकटून. ओढ बेताची. शेवटी पट्टा निमुळता होत तंतूवर येतो, तो अंगठ्याने नुसता दाबून चोपून टाकायचा. गाठ नाही. मला गाठ मारल्याशिवाय चैन पडत नव्हतं. ओलं असताना मी दात ओठ खाऊन आवळायचे. आजोबा माझा अंगठा हलकेच बाजूला करायचे आणि म्हणायचे, “तू आवळू नकोस. ती वाळताना आवळेल.” दुसऱ्या दिवशी पाहिलं की वेढे आपसूक घट्ट झालेले, कडा पारदर्शक होऊन लाकडाशी एकजीव. पाठीवर थर दिलेलं धनुष्य तर वाळता वाळता आपली टोकं उलट्या दिशेने, पुढे वाकवतं. कुणी जोर लावलेला नसतो. ते पुरतं वाळायला कित्येक आठवडे जातात, कधी महिने, आणि तोवर हात लावायचा नाही.

हे तुम्ही कुठून शिकलात, असं मी विचारलं तेव्हा आजोबांनी फळीवरून एक जीर्ण पुस्तिका काढली. सॅक्स्टन पोप या सर्जनने 1918 साली याहींच्या धनुर्विद्येवर लिहिलेली. “मी यांच्याकडून शिकलो. आणि हे इशीकडून,” ते म्हणाले. ती पुस्तिका मी वाचायला मागून घरी आणली आणि एका बैठकीत वाचून काढली. माझ्या आयुष्यात काही वळणं आली असतील तर त्यातलं हे एक.

चिकोच्या ईशान्येला मिल क्रीक आणि डीअर क्रीक या ओढ्यांच्या खोऱ्यांत याही लोक राहत. ते याना लोकांपैकी. सोन्याच्या मागे आलेल्या गोऱ्या वस्तीकरांनी 1860 च्या दशकात त्यांना वेचून मारलं. बायका, मुलं, कुणालाही सोडलं नाही. उरलेले मूठभर लोक सुमारे 40 वर्षं त्या दऱ्यांमध्ये लपून जगले. धूर दिसू नये, पाऊल उमटू नये असे. 1908 साली एका सर्वेक्षणाच्या तुकडीला त्यांची लपायची जागा सापडली. तिथे एक आजारी म्हातारी होती. तिला त्यांनी तशीच ठेवली, पण धनुष्य, बाण, टोपल्या, पांघरूण, जे हाती लागलं ते आठवण म्हणून उचलून नेलं. 29 ऑगस्ट 1911 रोजी ओरोव्हिल गावाजवळच्या कत्तलखान्यापाशी एक उपाशी, एकटा माणूस सापडला. शोकात केस जाळून आखूड केलेले. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर आणि टॉमस वॉटरमन यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात आणलं. स्वतःचं नाव त्याने कधीच सांगितलं नाही. इशी म्हणजे याना भाषेत माणूस. क्रोबरने दिलेलं नाव ते.

संग्रहालय आणि हॉस्पिटल शेजारी शेजारी होते. 1912 मध्ये तिथे शिकवायला आलेला पोप इशीचा डॉक्टर झाला आणि मग त्याचा शिष्य. इशी धनुष्य कसं करतो ते पोपने बसून पाहिलं आणि टिपलं. पाठीवर सॅमन माशाच्या कातड्याचा सरस. त्यावर हरणाच्या पायाच्या शिरा चावून, तंतू सुटे करून, टोकावर टोक चढवत दिलेला जाड थर. खाचांपाशी शीर सगळीकडून फिरवून वर गोल वेढे. वाळेपर्यंत वाळुंजाच्या सालीच्या पट्ट्यांनी बांधून ठेवायचं, मग सोडून वालुकाश्माने घासायचं. मुठीवर हरणाच्या कातड्याची पट्टी. आजोबांच्या शेडमध्ये मी जे पाहिलं होतं ते शब्दशः तिथे होतं. मी ते वाचत असताना एकच गोष्ट मनात घर करून राहिली. या माणसाचं गणगोत, गाव, सगळं ज्या समाजाने संपवलं, त्याच समाजातल्या एका डॉक्टरला त्याने जवळ बसवून ही विद्या दिली. हातचं राखून नाही, पुरती दिली. मला गाठ न मारता वेढा संपवता येतो तो त्याच्यामुळे.

त्याचे काही नियमही पोपने लिहिले आहेत. धनुष्य काम नसताना उभं ठेवायचं नाही, आडवं ठेवायचं. उभं राहिलं तर ते घाम गाळत राहतं आणि कमजोर होतं. कुणी त्याला ओलांडायचं नाही. आणि बाईने त्याला हात लावायचा नाही. हे शेवटचं वाचून मी पुस्तक मिटलं. अशा नियमांत मी वाढले आहे, ते मी सोडले आहेत, आणि हे मी इशीशी भांडूनही मानलं नसतं. पण ज्याच्याकडून घेतलं त्याचं हे म्हणणं होतं, हे विसरून मला पुढे जाता येईना. आजोबांना विचारलं. ते म्हणाले, हे तुझं तुलाच ठरवावं लागेल, मी पुरुष आहे, माझ्या उत्तराला किंमत नाही. मी असं ठरवलं की इशीने स्वतः केलेल्या वस्तूंना आपण कधी हात लावायचा नाही. बर्कलीच्या हर्स्ट संग्रहालयाकडे त्या आहेत. आपण आपल्या हातांनी करू ते करू. ते उभं ठेवायचं नाही आणि ओलांडायचं नाही. अवजार ओलांडू नये हे माझ्या आजीनेही शिकवलेलं होतं.

आजोबांचं बोट पुरतं मिटलंच नाही. शीर जुळली, टिकली, पण शेवटच्या पेरापाशी ती चिकटली होती. आम्ही दोघांनी जे शक्य होतं ते सगळं केलं. प्रत्यंचा ते दुसऱ्या बोटांनी ओढू लागले, पण चिमटीत बारीक तंतू धरून वेढा चोपणं त्यांना जमेना. तेव्हापासून शेवटचे वेढे मी घालू लागले. ते शेजारी स्टुलावर बसून सांगायचे, मी करायचे. मला तेव्हा वाटायचं की मी त्यांना मदत करते आहे. आज दिसतं की त्यांनी आपल्या अधू बोटाचा उपयोग मला शिकवण्यासाठी करून घेतला.

दवाखान्यातलं माझं काम त्या काळात बदलत गेलं. तक्ता भिंतीवर अजूनही आहे आणि त्याला मी मान देते. पण पूर्वी मी रुग्णाचं बोट धरायचे ते अंश मोजायला. आता कातडीखाली शीर सरकते की अडखळते, हे अंगठ्याच्या पेराला कळतं. तो स्पर्श मला शिरेचे तंतू सोलतानाच आला. पूर्वी रुग्ण घाई करायचा आणि मीही मनातून त्याच्याबरोबर घाई करायचे. जोडलेल्या जागी नवा घट्टपणा येतो तो बाहेरून आवळून येत नाही, आतून, त्याच्या वेळेने येतो, हे आता मी नुसतं सांगत नाही. माझा त्यावर विश्वास आहे, आणि रुग्णाला तो विश्वास कळतो. बोटांची नजाकत परत यायला मी माझ्या रुग्णांना तागाचे धागे सोलायला आणि वळायला देते. तिथे शीर वापरणं योग्य नाही, तागाने भागतं. एका सुताराने त्या तागाची सुंदर दोरी वळून माझ्या खुर्चीच्या तुटलेल्या हाताला वेढे घालून दिले.

माझ्याबरोबर मैदू या इथल्या मूळ लोकांतली एक नर्स काम करते. चिको हे मूळ मेचूपदा मैदूंचं गाव. एका जेवणाच्या सुट्टीत मी तिला मोठ्या भक्तिभावाने इशीबद्दल सांगत होते. शेवटचा याही, शेवटचा माणूस, असं माझ्या बोलण्यात चार वेळा आलं असेल. ती म्हणाली, तुम्हा सगळ्यांना आमच्यातला शेवटचा माणूस फार आवडतो. मग शांतपणे तिने मला बसवून सांगितलं. याही काही जगापासून तुटून राहिलेले नव्हते. शेजारच्या लोकांशी सोयरिकी होत्या, भांडणं होती, देवाणघेवाण होती. इशीच्या पात्यांची घडण विंटू आणि नोमलाकी या शेजारच्या लोकांच्या घडणीशी जुळते असं पुरातत्त्वज्ञ स्टीव्हन शॅकली यांनीही दाखवलं आहे. याना रक्ताची माणसं आजही आहेत. शिरेचं काम करणारे हात त्यांच्यात आहेत. तू पुस्तकातून मेलेल्याकडून शिकलीस, जिवंत माणसांना विचारलंस का? मी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे सुचलंच नव्हतं.

मग मी बाकीचं वाचलं. 25 मार्च 1916 रोजी इशी क्षयाने गेला. हयातीत त्याने हॉस्पिटलमधली शवविच्छेदनाची जागा पाहिली होती आणि त्याला ते सहन झालं नव्हतं. क्रोबर तेव्हा न्यूयॉर्कला होता. इशीच्या देहाची चिरफाड करू नका, असं त्याने निक्षून कळवलं होतं. तरी शवविच्छेदन झालं, मेंदू काढून ठेवला गेला. बाकी देहाला अग्नी दिला तेव्हा सोबत त्याचं धनुष्य, पाच बाण आणि ओकच्या फळांच्या पिठाची टोपली ठेवली. आणि पुढे क्रोबरनेच तो मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनला पाठवून दिला. ज्यांनी इशीला जीव लावला, ज्यांनी त्याच्याकडून इतकं घेतलं, त्यांनी हे केलं किंवा होऊ दिलं. त्यांच्या प्रेमावर मला शंका नाही. पण ऋण मानणं आणि ऋण असलेल्या माणसाचं ऐकणं या दोन गोष्टी आहेत. पुण्यात ज्या देहावर मी शिरांची नावं शिकले, त्या देहाच्या धन्याने संमती दिली होती. इशीला कुणी विचारलं नव्हतं.

8 नोव्हेंबर 2018 च्या सकाळी वणव्यात पॅरडाइझ जळलं. 85 माणसं गेली, 18 हजारांहून जास्त घरं-इमारती राख झाल्या. चिकोत दिवसभर काळोख होता. आजोबा वाचले, अंगावरच्या कपड्यांनिशी खाली उतरले. शेड गेली. लाकडं, दोरीवरच्या शिरा, त्यांची सगळी धनुष्यं, पोपची ती पुस्तिका, सगळं. ते ऑरेगनला मुलीकडे राहायला गेले. तिथून त्यांचा फोन आला तेव्हा काय बोलावं मला सुचेना. त्यांनीच विचारलं, तुझ्याकडे दिलेली शिरांची जुडी कोरडी आहे ना, दमट जागी ठेवू नकोस, उंदरांपासून सांभाळ. त्यांच्या हातच्या वस्तूंपैकी आता माझ्याकडे काही बाण आहेत, आणि ही जुडी.

आजोबा आता नाहीत. इकडचे काही तरुण माझ्याकडे वेढे शिकायला येतात, त्यात दोन मराठी मुलंही आहेत, सॅक्रमेंटोहून गाडी चालवत येतात. मोगरी हातात देण्याआधी मी त्यांना वर लिहिलं ते सगळं सांगते. त्यांना कंटाळा येत असेल, तरी सांगते. आणि सांगते की माझ्यापेक्षा चांगलं शिकवणारे याच मुलखातले लोक आहेत. त्यांच्याकडे जा, आधी विचारून जा, आणि ते नाही म्हणाले तर परत या.

बे एरियातून लॅसनच्या डोंगरात फिरायला जाणारी मराठी कुटुंबं आता पुष्कळ आहेत. वाट थोडी वाकडी करून ओरोव्हिलला थांबा. जिथे इशी सापडला तिथे राज्याचा ऐतिहासिक स्थळ क्रमांक 809 चा फलक आहे आणि त्यावर तो शेवटचा याही असल्याचं लिहिलं आहे. ते वाचा, मुलांनाही दाखवा. पण त्यांना एवढंही सांगा की 2000 साली इशीचा मेंदू स्मिथसोनियनमधून आणि रक्षा कोल्माच्या दफनभूमीतून परत आणली ती रेडिंग रँचेरिया आणि पिट रिव्हर या इथल्या मूळ जमातींच्या लोकांनी, आणि कुणाला न सांगितलेल्या जागी, त्याच्याच मुलखात, त्याला पुरलं. ते लोक आजही इथेच राहतात.